कमाल, किमान आणि सर्वसाधारण

एमबीए कशासाठी करायचं, हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. ते फॉर्म भरताना ठरतं. फॉर्ममध्ये तसा रकानाच असतो आणि त्याला लाल चांदणी लावलेली असते, म्हणजे कारण लिहिलं नाही तर फॉर्म पुढे सरकत नाही. देशात दरवर्षी तीन लाखांच्या आसपास मुलं कॅटला नाव नोंदवतात आणि त्यातल्या बहुतेकांना समाजात परिवर्तन घडवायचं असतं. माझ्या भाचीला हिंजवडीतून सुटायचं होतं. पण हे कारण कुठल्याही संस्थेच्या यादीत नव्हतं, त्यामुळे तिनंही परिवर्तनावर टिचकी मारली.

भाची सांगलीची. इंजिनिअर झाली आणि सांगलीत इंजिनिअर झालेल्या मुलांचं जे होतं तेच तिचं होऊन पुण्यात आमच्याकडे राहायला आली. अमेरिका जागी झाली की हिचं काम सुरू. तिकडच्या कुठल्याशा विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला, तर तो झाला आहे असं योग्य माणसाला कळवायचं, असं त्या कामाचं स्वरूप.

"आणि दुरुस्त कोण करतं?" मी विचारलं.

"ती वेगळी टीम आहे."

"मग तू काय करतेस?"

"मी तिकीट काढते."

हे पलीकडच्या खोलीतून माझ्या आईनं ऐकलं आणि नात रेल्वेत लागल्याचं सगळ्या सोसायटीला सांगितलं. दोघीतिघींनी कोकणातल्या गाड्यांचं काही जमतं का, म्हणून विचारूनही ठेवलं.

या मोहिमेत मी सापडलो तो माझ्या पूर्वायुष्यामुळे. मी एका कॉमर्स कॉलेजात मराठी शिकवत असे. बी.कॉम.च्या मुलांची अशी समजूत होती की मराठीचा तास विद्यापीठानं डुलकीसाठी राखून ठेवलेला आहे, आणि त्या समजुतीला मी निवृत्तीपर्यंत धक्का लागू दिला नाही. घराण्यात मात्र मी 'कॉमर्समधला माणूस'. बजेटच्या दिवशी मला फोन येतात. तेव्हा ताईनं "तू कॉमर्समधला, आता तूच बघ तिचं," असं म्हणणं ओघानंच आलं. मागून दाजींचा आवाज आला, "पाव्हण्यांना म्हणावं, खर्चाकडं अजिबात बघायचं नाही. फक्त फी किती, ते आधी विचारून घ्या."

दाजी हळदीचे व्यापारी. मार्केट यार्डात पेढी. पोत्यातलं हळकुंड उचलून मोडायचं, आतला रंग बघायचा, नाकाशी न्यायचं, की माल राजापुरी की सेलम, शिजवताना हयगय झाली की वाळवताना, आणि विकणाऱ्याच्या घरी लग्न आहे की दवाखाना, इतकं सगळं त्यांना कळतं. रोज संध्याकाळी ते घरात बाजारभाव मोठ्यानं वाचतात: किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका. भाची पाढ्यांच्या आधी हे शिकली. हे सगळं ज्ञान कुठल्याही संस्थेत न घेतल्यामुळे दाजींना एमबीएवाल्यांबद्दल अपार आदर आहे. त्यात २०२३ सालानं भर घातली. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी साठवलेली सगळी हळद काढून टाकली, आणि पावसाळा लागताच भाव जो उधळला तो दुपटीपलीकडे गेला. दाजी दोन महिने वरणातसुद्धा हळद घालू देत नव्हते. त्याच सुमारास ते म्हणाले, "घरात एकाला तरी शिकल्यालं पाहिजे."

आमची अशी कल्पना होती की एमबीएला एक परीक्षा असते. कॅट ही आयआयएमची. पण कॅट एकटी कुणीच देत नाही. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयची झॅट, सिंबायोसिसची स्नॅप, एनमॅट आणि आपल्या राज्याची सीईटी असा सगळा गोतावळा असतो. प्रत्येकीचं बोलवणं वेगळं, मानपान वेगळा. कॅटला चुकीच्या उत्तराचा एक गुण कापतात. सीईटीला काहीच कापत नाहीत, पण १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. मला चष्मा सापडायला त्याहून जास्त वेळ लागतो. स्नॅप तीनदा देता येते, एनमॅटही तीनदा, आणि दर वेळी नव्यानं फी. दाजींनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पोरीचा पेपर वाईट गेला तर फायदा त्यांचा?" मला उत्तर देता आलं नाही. "हे लोक धंदा शिकवू शकतील," ते समाधानानं म्हणाले.

भाचीनं क्लास लावला. क्लासच्या भिंतीवर मागच्या वर्षीच्या यशस्वी मुलांचे फोटो होते. सगळ्यांनी हाताची घडी घातलेली आणि मान किंचित तिरकी. मला वाटलं फोटोग्राफर एकच असेल; भाची म्हणाली, "नाही मामा, लीडरशिप." घरीही हळूहळू बदल दिसू लागले. पूर्वी ती "चहा ठेवते" म्हणायची. आता "चहा कोण घेणार आहे? एकदा अलाइन होऊ या," असं म्हणू लागली. आम्ही अलाइन होईपर्यंत दूध उतू गेलं. तिनं ते ओट्यावरून पुसलं नाही. ते का उतू गेलं याची पाच कारणं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावली. पाचवं कारण मी होतो.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. कॅटचं सकाळचं सत्र साडेआठचं, केंद्र शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. आत काहीही न्यायला बंदी, म्हणून बाहेर मी तिचं घड्याळ, पर्स, कानातलं, मोबाइल आणि जाकीट सांभाळत उभा. माझ्यासारखे शंभरेक पालक तिथे होते आणि प्रत्येकाच्या हातात एकेका मुलीचे दागिने. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, की परीक्षा दोन तासांची, तिचे तीन तुकडे, दर तुकड्याला ४० मिनिटं. आणि एकातून दुसऱ्यात गेलं की मागे येता येत नाही. "गणितात वेळ उरला तरी इंग्रजीला देता येत नाही," ते म्हणाले. त्यांचा मुलगा तिसऱ्यांदा बसत होता. त्यांना पर्सेंटाइलची सगळी सूत्रं पाठ होती. "तुम्हीच का देत नाही?" असं मी सहज विचारलं, तर ते गंभीर झाले. "मॉकमध्ये मला मुलापेक्षा जास्त पडतात. घरी बोललेलो नाही."

निकाल लागला आणि पर्सेंटाइल नावाच्या प्रकरणानं आमच्या घरात उत्पात मांडला. भाचीला चौऱ्याण्णव पर्सेंटाइल पडले. आईला वाटलं शंभरातले चौऱ्याण्णव. तिनं पेढे आणायला सांगितले. भाची रडत होती. पेढे आणि रडणं यांचा मेळ घालण्यासाठी मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की हे गुण नव्हेत, तिच्या मागे किती जण आहेत ते यातून कळतं. पेपर १९८ गुणांचा होता आणि पंचाहत्तर-ऐंशीच्या आसपास गुण मिळवणाराही त्यात ९९ पर्सेंटाइलला पोचत होता.

"म्हणजे निम्मासुद्धा पेपर आला नाही आणि पहिल्या नंबरात?" आईनं विचारलं.

"हो."

"मग तू मॅट्रिकला निम्मा पेपर सोडून आलास, तेव्हा तुझ्या वडिलांनी का मारलं?"

झॅटमध्ये 'निर्णयक्षमता' नावाचा एक स्वतंत्र विभाग असतो. कामगार संपावर आहेत, मालकाचा मेव्हणा भ्रष्ट आहे, कारखान्यातून धूर येतो आहे, आता व्यवस्थापकानं काय करावं? भाचीला त्या विभागात फार चांगले गुण मिळाले. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण तीच मुलगी पुढे संस्था निवडायची वेळ आली तेव्हा हॉटेलात मेन्यूकार्ड घेऊन अर्धा तास बसायची आणि शेवटी "तुझ्यासाठी मागवलंस तेच" म्हणायची.

पण परीक्षा हा यातला सोपा भाग. खरा घाम फुटतो तो स्वतःबद्दल निबंध लिहिताना. आपण कोण, आपण काय केलं, आपल्याला काय व्हायचं आहे, हे पाचशे शब्दांत. संतांनासुद्धा याला आयुष्य पुरलं नाही. क्लासनं यासाठी एक सल्लागार दिला होता. तो प्रोफाइल घडवत असे. त्यानं भाचीला खुर्चीत बसवून चौकशी सुरू केली. मी कोपऱ्यात, कारण मी लेखक, आणि लेखक असल्यामुळे उपयोगी पडेन असा ताईचा गैरसमज.

"नेतृत्वाचा अनुभव?"

भाचीनं बराच विचार केला. आमच्या सोसायटीच्या गणपतीत तिनं मागच्या वर्षी प्रसादाच्या पुड्या बांधल्या होत्या. मी ते बोलून दाखवलं. सल्लागाराचे डोळे चमकले. "किती पुड्या?" दीडेकशे असतील. "किती माणसं हाताखाली?" पहिल्या मजल्यावरची दोन लहान मुलं होती, पण ती खिरापत खात होती. सल्लागारानं टंकायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी आम्ही जे वाचलं त्यात भाचीनं दीडशे लाभार्थ्यांपर्यंत पोचणारी वितरणव्यवस्था उभी केली होती, संसाधनांची गळती हेरली होती आणि बालकांच्या गटाला प्रेरित केलं होतं. बाप्पाचा उल्लेख नव्हता. त्यानं शब्दमर्यादा ओलांडली असती.

दहावीत इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेमुळे वाढीव गुण मिळालेले. आयआयएमवाले दहावी-बारावीचे गुणही मोजतात, त्यामुळे शाळेत काढलेल्या त्या जास्वंदीनं इतक्या वर्षांनी आपला हक्क सांगितला. निबंधात ती 'दृश्य संवादाची आवड' झाली. आजीला दर महिन्याला बँकेत नेणं हे 'ज्येष्ठांचं आर्थिक समावेशन' झालं. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, "नेते कसली, बाहेर मोबाइल बघत उभी राहते." तेही सल्लागारानं 'स्वावलंबनाला उत्तेजन' म्हणून घेतलं असतं, पण पाचशे शब्द संपले होते.

मग तो अवघड प्रश्न आला. "अपयश?"

"म्हणजे?"

"फॉर्मला एक अपयश लागतं. फार मोठं नको, घाबरतात. फार लहान नको, हसतात. आणि खरं तर अजिबात नको."

भाचीकडे तसं अपयश निघेना. मी मोठ्या मनानं माझी देऊ केली. माझ्याकडे निवडीला वाव आहे. माझा एक कथासंग्रह पलंगाखाली आहे, सगळीच्या सगळी आवृत्ती. गादी थोडी वर उचलली जाते इतकाच त्याचा मराठी साहित्यावर परिणाम. नाटक आहे, ज्याच्या पहिल्या प्रयोगाला मध्यंतरानंतर प्रेक्षकांपेक्षा पात्रं जास्त होती. सल्लागारानं आदरानं ऐकलं.

"सर, यातून पुढे काय झालं?"

"काही नाही."

"नाही चालणार. अपयशानंतर यश मिळावं लागतं."

"पण मामाला कधी..." भाची म्हणाली आणि गप्प बसली. मुलगी समंजस आहे.

मुलाखतीची तालीम घरीच करायची ठरली. पॅनेलवर मी, बायको आणि आई. मी घसा खाकरून सुरुवात केली. "इंजिनिअरिंगनंतर व्यवस्थापन का?" यावर भाचीनं मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण दिलं. मी म्हटलं ठीक. पुढचा प्रश्न सचोटीबद्दल, पुन्हा डबेवाले. तंत्रज्ञानाबद्दल, डबेवाले. २०१० साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनं डबेवाल्यांवर केस लिहिली आणि तेव्हापासून मुलाखतीला बसलेल्या मराठी मुलांना एक कायमचा आधार झाला आहे. मावळ आणि जुन्नरकडून येऊन सायकलवर पिढ्यान्‌पिढ्या डबे पोचवणाऱ्या या माणसांना इतकंच कुणी सांगितलेलं नसावं, की दरवर्षी फेब्रुवारीत हजारो मुलं त्यांच्या डब्यावर जगतात.

"तुमचा एखादा दोष सांगा," बायकोनं विचारलं.

"मी फार परफेक्शनिस्ट आहे. प्रत्येक गोष्ट..."

"ओला टॉवेल."

"काय?"

"ओला टॉवेल पलंगावर टाकतेस. रोज. हा दोष सांग."

"मामी, असे दोष सांगत नसतात."

"मग विचारतात कशाला?"

वातावरण तापतंय असं पाहून मी पुढचा प्रश्न घेतला: पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस? भाची आपल्या धोरणात्मक भूमिकेबद्दल बोलू लागली, एवढ्यात आईनं तिला थांबवलं. "तुझं होईल गं काहीतरी. पाच वर्षांनी मी कुठे असेन ते आधी विचारा या दोघांना." पॅनेल तिथेच बरखास्त झालं. आईची समजूत घालायला संध्याकाळ लागली.

खरी मुलाखत झाली नव्या आयआयएमांसाठी जी सामाईक मुलाखत असते ती. देशात आता वीसहून अधिक आयआयएम आहेत. कोलकाता आणि अहमदाबाद १९६१ची, नागपूरची २०१५ची, आणि पवईच्या विहार तलावाकाठी असलेली जुनी 'नीटी' ही २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. भाची आतून बाहेर आली ती बावचळलेली. डबेवाल्यांचं कुणी नावही काढलं नव्हतं.

"मग काय विचारलं?"

"सांगलीची आहेस तर आज हळदीचा भाव काय, विचारलं."

तिनं सवयीनं किमान, कमाल, सर्वसाधारण असे तिन्ही सांगितले. पॅनेल पुढे सरसावलं. हळद साठवायची कशी? तिनं हरिपूरची पेवं सांगितली, जमिनीखाली हळद कशी राहते ते सांगितलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की व्यापारी चुकतो कधी? आणि इथे तिला अचानक ते बेपत्ता अपयश सापडलं. तिनं आपल्या वडिलांनी २०२३च्या उन्हाळ्यात माल काढला ती सगळी हकीकत, पोत्यांच्या आकड्यासकट, पॅनेलपुढे मांडली. वीस मिनिटांच्या मुलाखतीतली चौदा मिनिटं दाजींचं नुकसान चाललं होतं.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा दाजींना आनंद आणि संताप एकाच वेळी झाला. "माझं दिवाळं सांगून ॲडमिशन काढली?" ते फोनवर ओरडले. मग जरा थांबून, "काय म्हणाले पण ते? मी थांबायला पाहिजे होतं का?"

आता हाती होती एक नवी आयआयएम, पुण्यातलीच एक खासगी संस्था, आणि सीईटीच्या गुणांवर मुंबईतली एखादी कमी फीची जागा मिळायची शक्यता. यातली पहिली दोन पैसे ताबडतोब मागत होती आणि तिसरीची प्रवेशफेरी पावसाळ्यात. म्हणजे जागा हवी असेल तर एकीकडे पैसे भरायचे, मनात दुसरीला धरायचं, आणि तिसरीची वाट बघायची. दाजींना हे पटेना. "विसार द्यायचा आणि माल उचलायचा नाही? यार्डात असल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी वजनकाट्यापाशी उभं करत नाही."

घरात माहितीपत्रकांचा ढीग झाला. सगळ्या माहितीपत्रकांत हिरवळीवर बसून हसणारी चार मुलं असतात. त्यातल्या एकाच्या मांडीवर लॅपटॉप असतो आणि बाकीचे तिघं त्यात बघून हसत असतात. इतकं हसण्यासारखं एक्सेलमध्ये काय असतं ते मला पुढे कळलं. नातेवाइकांनीही आपापली मतं कळवली. नाशिकच्या आतेभावाचं म्हणणं, आयआयएम म्हणजे आयआयएम, बाकी सगळा पाणचट चहा. ठाण्याच्या मावसभावाचं म्हणणं, फी बघा: दिल्लीच्या एफएमएसची दोन-अडीच लाखांच्या आसपास आणि अहमदाबादची पंचवीस लाखांच्या पुढे. एफएमएसमधून भाचीला बोलावणंच आलेलं नाही, हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तो वेगळा मुद्दा." सोसायटीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तर बॉम्बच टाकला. २०१७चा कायदा होईपर्यंत आयआयएमवाले पदवी देतच नव्हते, पदविका देत होते! आईला धक्काच बसला. "म्हणजे एवढे मोठे साहेबलोक नुसते डिप्लोमावाले?" आमच्या घरातला एक डिप्लोमावाला, माझा धाकटा भाऊ, त्या दिवसापासून ताठ मानेनं वावरतो आहे.

दाजी मुद्दाम पुण्याला आले ते प्लेसमेंटचे अहवाल बघायला. भाचीनं पहिलं पान उघडलं. सर्वोच्च पॅकेज अमुक लाख, मोठ्या सोनेरी अक्षरात.

"हा कमाल," दाजी म्हणाले. "हा पेपरात छापायला असतो. एका पोत्याला मिळतो, ते पण व्यापाऱ्याच्या मेव्हण्याच्या." मी तिथेच बसलो होतो. "सरासरी किती?"

भाचीनं सांगितली.

"त्यात तो परदेशवाला धरलाय का? डॉलरचे रुपये करून? मग ती सरासरी नव्हं, कमालच लपवलाय तिच्यात. मधला सांग."

त्याला मीडियन म्हणतात, भाचीनं सांगितलं, आणि तो तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात होता. दाजींनी चष्मा वर केला. "आणि किमान?"

किमान कुठेच नव्हता. आम्ही शेवटच्या पानापर्यंत गेलो. असे अहवाल कसे लिहावेत याचे इंडियन प्लेसमेंट रिपोर्टिंग स्टँडर्ड्स नावाचे नियम देशात आहेत. काही संस्था ते पाळतात, काही संस्था हिरवळीचे फोटो वाढवतात. पॅकेजमध्ये काय काय धरलेलं असतं तेही दाजींनी खोदून विचारलं. पगार, रुजू होण्याचा बोनस, पुढे कधीतरी मिळणारे शेअर, विमा, ग्रॅच्युइटी. "म्हणजे बारदानासकट वजन," असं म्हणून त्यांनी अहवाल मिटला. मॅनेजमेंट शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेनं या माणसाला पाहुणा व्याख्याता म्हणून बोलवायला हरकत नाही. फक्त २०२३चं काही विचारू नये.

शेवटी भाचीनं शास्त्रशुद्ध मार्ग काढला. एक्सेलमध्ये तक्ता. उभ्या ओळींत संस्था, आडव्या रांगेत निकष: फी, मीडियन, नाव, शिक्षक, घरापासूनचं अंतर. प्रत्येक निकषाला वजन. सगळं भरून तिनं कळ दाबली. वर आली पुण्यातली संस्था. तिचा चेहरा पडला. तिनं 'नाव' या निकषाचं वजन दहावरून वीस केलं. तरी पुण्यातलीच. मग 'घरापासूनचं अंतर' याचं वजन कमी केलं. मग ते उणे केलं.

"अगं, जितकं लांब तितकं चांगलं, असं झालं की हे," मी म्हणालो.

"एक्स्पोजर असतं, मामा."

दाजी मागे उभे राहून बघत होते. "ही वजनं बदलत्यात?"

"हो. ज्याला त्याला ठरवता येतात."

"मापात पाप!" दाजींनी कानाला हात लावला. "आमच्यात यासाठी वजनमापवाले येऊन काटा जप्त करतात."

रात्री मुदत संपायची होती. साडेअकरापर्यंत माझी आणि दाजींची मीडियनवर बाचाबाची चालली होती, ताई सांगलीहून व्हिडिओवर रडत होती, आई डिप्लोमावाल्या साहेबांबद्दल अजून हळहळत होती. पावणेबाराला भाची खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "भरले पैसे. आयआयएम." आम्ही सगळे एकदम गप्प झालो आणि मग एकदम कारणं सांगू लागलो. नावामुळेच ना? मी म्हणालो. मुलाखतीत हळदीला मान दिला त्यांनी, दाजी म्हणाले.

"तिथं प्रत्येकाला स्वतंत्र खोली असते," भाची म्हणाली.

आमच्याकडे ती शिवणयंत्राच्या खोलीत झोपते. त्या खोलीतून बाल्कनीत जायचा रस्ता आहे आणि पहाटे मी तिथे नव्या लेखाचा मसुदा मोठ्यानं वाचतो. लय तपासायला वाचावा लागतो. तिच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता. बायकोनं मात्र तिच्याकडे अशा काही समजूतदार नजरेनं पाहिलं, की माझीही बॅग भरली जाते का असं मला वाटून गेलं.

राहिलं कर्ज. मोठ्या बँका आयआयएमच्या मुलांना आपणहून कर्ज देतात, असं सगळ्यांनी सांगितलं. पण दाजी एका नागरी सहकारी बँकेचे जुने सभासद, आणि आपली बँक असताना परक्याच्या दारात जायचं नाही हे त्यांचं तत्त्व. आपल्या बँकेनं दोन जामीनदार मागितले. एक यार्डातले शेजारचे अडते मिळाले. दुसरा मी. साहेबांनी फॉर्म पुढे ओढला.

"व्यवसाय?"

"लेखक," मी जरा ताठ बसून म्हणालो. "विनोदी."

साहेबांनी लिहिलं. "वार्षिक उत्पन्न?"

मी आठवू लागलो. दोन दिवाळी अंकांचं मानधन आलेलं होतं, एकाचं यायचं होतं, एका संपादकांनी त्याऐवजी अंकाच्या पाच प्रती दिल्या होत्या.

"किमान विचारताय, कमाल, का सर्वसाधारण?" दाजींनी साहेबांना विचारलं.

"सर्वसाधारण सांगा की."

"तिन्ही एकच हायत, साहेब. त्यात चढउतार नाही."

ताईनं मला टेबलाखालून पाय मारला. "अरे, पेन्शन सांग ना!"

मी पेन्शन सांगितली. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी 'लेखक' हा शब्द खोडला, शेजारी माझी छोटी सही घेतली, आणि मोठी कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.